डाव्या पायाचं माप

कालच्या वर्तमानपत्रावर तिनं पाय ठेवला.
मी टाचेपासून पेन्सिल फिरवत आणली
तळव्याच्या खळगीपर्यंत,
"गुदगुल्या होतात," म्हणाली शरयू.
तो उजवा होता.
डाव्याच्या वेळी काही बोलली नाही.

पाय उचलले, दोन पाय कागदावर राहिले.
एक भिंडच्या बातमीवर, एक निविदांवर.
डावा अर्ध्या बोटानं मोठा.
सूज आहे, की पहिल्यापासूनच?
"एकोणचाळीस वर्षं चपला कोण आणतंय
पाटणकर बाजारातून?"
मीच. पाच नंबर.
लागतात असं ती कधी म्हणाली नव्हती.

नॅरोगेजच्या कारखान्यात जन्म गेला माझा.
दोन रुळांमध्ये दोन फूट;
सुतभर इकडंतिकडं झालं
तर मी जेवणावरून उठून जायचो.

लष्करातली जानेवारी. दहा वाजले तरी
गॅलरीच्या जाळीला धुकं चिकटलेलं.
दगडी फरशी अशी, की मांजरसुद्धा
पायपुसण्यावरून पायपुसण्यावर उडी मारतं.

कापड म्हणून माझा निळा कोट निघाला, कारखान्यातला.
खांदे कसरीनं खाल्लेले.
"पाठीचं कापा," ती म्हणाली, "पाठ शाबूत असते कोटाची."
अस्तराला फलालीन आणायला गेलो,
भदौरियानं विचारलं, "बाबूजी, नाती के लिए?"
मी हो म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.
तळाला सतरंजीचे दोन थर,
मध्ये गजकच्या डब्याचा पुठ्ठा.
कोपऱ्यात चार तीळ होते, तसेच शिवले गेले.

मशीन तिचं, पायाचं.
तिच्या पायाखाली ते गुणगुणायचं,
माझ्या पायाखाली उलटं फिरलं आणि दोरा गिळून बसलं.
ती शेजारी खुर्चीवर, डावा हात मांडीवर ठेवलेला,
ठेवलेलाच.
"टाच आधी," ती म्हणाली, "मग बोटं.
घाई नाही. टाच आधी, मग बोटं."
हे वाक्य मी ऐकलं होतं.
दवाखान्याच्या लांब बोळात व्यायामवाली मुलगी
तिला रोज हेच म्हणायची,
आणि ही भिंतीकडं बघत राहायची.

संध्याकाळी दोन्ही तयार झाले.
दोन्ही डावे.
मी एकही तुकडा पालथा घातला नव्हता.
ती हसली. अर्ध्या ओठांनी, पण पोटापासून,
इतकी की खालच्या मजल्यावरून कुणी तरी विचारलं,
सब ठीक है ना?
दुसऱ्या दिवशी उरलेल्या बाहीतून उजवा काढला.
जास्तीचा डावा सुयांच्या डब्याचं घर झाला.

मऊ झाले. फारच मऊ झाले.
पूर्वी रात्री ती उठली की
डावा पाय फरशीवर घासत जायचा,
खर्र, थांब, खर्र,
आणि मी अंधारात मोजायचो:
पलंग ते दार अकरा, दार ते मोरी सात.
आता काहीच नाही.
मला जाग येते ती शांततेनं.
हात लावून बघतो, पांघरूण कोमट, जागा रिकामी.

म्हणून काल कोटाचं शेवटचं पितळी बटण काढलं,
डाव्याच्या टाचेमागं
मुद्दाम सैल दोऱ्यानं लावलं.
तिनं उलटंपालटं करून पाहिलं.
"बैल आहे का मी?"
आणि उजव्या हातानं, दातांत धरून,
माझी गाठ पक्की केली.

तीन वाजले असतील.
टिक्.
मग बराच वेळ काही नाही.
दाराशी थांबली असेल, धुकं बघत.
मी कुशीवर वळत नाही,
उशीवरून कान उचलून धरतो.
टिक्.