गाळण

परिषदांमध्ये कुणीतरी हटकून म्हणतं,
तुम्ही गोव्याच्या, लाटांचं काम तुम्हाला सोपंच!
मी हसते. मला पोहता येत नाही.
बांबोळीच्या पठारावर, खिडकी नसलेल्या खोलीत
एकतीस वर्षं मी मेंदूतली वीज मोजली.
इतकी थोडी वीज
की छताच्या पंख्यानेही ती बुडवावी.

म्हणून खरं काम मोजण्याचं नव्हतंच,
गाळण्याचं होतं.
पन्नास हर्ट्झवर वीजखात्याची घरघर, ती कापायची.
पापणी लवली, कापायची.
हृदयाचा ठोका कानामागच्या तारेत शिरला, तोही.
दात आवळले, आवंढा गिळला,
भीतीने कपाळाला घाम आला
(घामाची रेघ संथ असते,
बेतीच्या फेरीबोटीसारखी कलत कलत जाते).
दोनशे चौदा पानांचा प्रबंध लिहिला मी:
माणूस वजा करून मेंदू कसा उरवावा.

वडील म्हापशाच्या बाजारात रेडिओ दुरुस्त करायचे.
खरखर ऐकून म्हणत, दोडामार्गाकडे वीज पडतेय,
आणि आई अंगणातली सोलं आत घ्यायला धावे.
त्यांना मी एकदा माझी स्वच्छ रेघ दाखवली.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.
"काढलेलं कुठे ठेवतेस?"
ठेवत नाही, बाबा.
ते काही बोलले नाहीत. त्यांच्या दुकानात
निकामी व्हॉल्व्हसुद्धा बिस्किटांच्या डब्यात असत, कापसात.

शहाण्णवच्या मार्चमध्ये
खोतीगावाहून गोकुळदास वेलीप आला. वय नऊ.
मास्तरांची तक्रार, वाक्याच्या मध्येच थांबतो.
कानफटात मारली तरी थांबलेलाच.
रोझारियाने त्याच्या डोक्यावर एकवीस तारा चिकटवल्या,
"दोळे धांप, पुता. आतां उगड."
मग फुंकायला कागदाचं भिरभिरं दिलं,
बकऱ्यांचं काहीतरी विचारलं,
आणि तो सांगता सांगता गेला.
कागदावर सेकंदाला तीन,
टोक आणि घुमट, टोक आणि घुमट,
सगळ्या तारा एका तालात.
सतरा सेकंद भिरभिरं थांबलेलं.
मग परतला, आणि जिथे सोडलं होतं तिथून:
"…आनी बोकडी धांवली."

त्या सतरा सेकंदांवर माझे तीन निबंध,
एक बढती, लुब्लियानातलं एक भाषण.
त्याला गोळ्या लागू पडल्या. दोनदा आला,
पुढे आला नाही. बरा झाला असावा.
आम्हाला बरे झालेले लोक सहसा दिसत नाहीत.

आता निवृत्तीला नऊ दिवस आहेत.
जुन्या टेपा नव्या डिस्कवर चढवतेय.
गोकुळदासची नोंद, अकरा मिनिटं बावीस सेकंद:
एकवीसही रेघा काळ्याकुट्ट, झाडूने फासल्यासारख्या.
कागदाच्या गुंडाळीवर तिथे माझं अक्षर,
लाल शाईत: स्नायू. अशुद्ध. वगळा.
आणि खाली, अगदी काठाला, रोझारियाची पेन्सिल:
हांसलो.

कशाला हसला, ते लिहिलेलं नाही.
मी लोटलीला फोन लावला. रोझारियाला मुलगा आठवेना.
तिने माझ्या गुडघ्याची चौकशी केली,
आंब्याचं लोणचं न्यायला ये म्हणाली.

संध्याकाळी मी माझीच गाळणी त्या तुकड्यावर चालवली.
क्षणात काम झालं. सुरेख, सपाट, शांत रेघ.
कुठल्याही निबंधात छापावी अशी.
मी ती पुसली, कच्ची नोंद परत आणली,
आणि मोजायला बसले.

माझ्या जागी येणारा शॅल्डन मागे उभा होता.
"मॅडम, हा भाग उडवू?"
राहू दे.
"पण यात काहीच नाही."
आहे, म्हटलं. साडेचार सेकंद.