मडक्यांची आई

साडेदहाला कमाटीबागेतल्या म्युझियमचं कुलूप निघतं.
मी आधी हिच्या काचेपाशी जाते,
आर्द्रतेचा आकडा वहीत टिपते: एक्कावन्न.
काल त्रेपन्न होता. भादवा उतरणीला लागलाय.

शाळेची पोरं काचेला नाकं लावून विचारतात,
"बेन, आ साचे मरी गयेली छे?"
हो रे, इथे आली तेव्हाच.

परवा धारकर साहेब डब्यातली अळूवडी खाताखाता सांगत होते:
नाईलच्या पश्चिमेला अबायडॉस नावाचं गाव.
तिथे ओसायरिस पुरलेला, अशी श्रद्धा.
म्हणून ज्याला त्याला त्याच्या शेजारी जागा हवी.
देह नाही तर नावाचा एक दगड तरी,
देवाची मिरवणूक जाते त्या वाटेवर.
तेही परवडलं नाही
तर थडग्यात लाकडी होडी, हातभर,
आत वल्ही धरून बसलेली माणसं.
मेल्यावर जाऊन यायचं.

आणि मडकी, ते म्हणाले, लाखांनी,
शतकानुशतकं वाहिलेली, फुटलेली.
आता त्या टेकाडाचं नावच मडक्यांची आई.

त्यांनी दुसरी वडी पुढे केली. मला नको झाली.
चैत्रात, खासवाडीत,
अण्णांभोवती तीन फेऱ्या, मडक्याला तीन भोकं,
खांद्यावरून मागे टाकलं ते मीच.
गुरुजी कुरकुरले. दुसरं होतं कोण?
आवाज अजून पाठीत आहे.

सुधन्वा टोरांटोहून म्हणाला, थांब,
मी येतो, चांदोदला मिळून जाऊ.
मग व्हिसा. मग नोकरी. मग त्याची कंबर.
अण्णा तेव्हापासून स्मशानातल्या लोखंडी कपाटात,
टोकन चौतीस.
तिथली आर्द्रता कोण मोजतं?

मी जुनं रजिस्टर काढून हिची नोंद पाहिली.
पेटी, एक. देह, एक. कापड, जीर्ण.
होडी नाही.
बाई, तू समुद्र ओलांडून भलत्याच नदीकाठी आलीस.
मगरी तेवढ्या आहेत विश्वामित्रीत,
ओळखीचं म्हणून तेवढंच.

रविवारी सकाळी सहाची एसटी, डभोईवरून.
पिशवी मांडीवर घेईन. तिकीट एकच लागेल.
सुधन्वाला सोमवारी कळवेन.

संध्याकाळी दिवे घालवताना
हिला म्हणून गेले: जाते.
आपल्यात असं म्हणत नाहीत.
दाराशी थांबले थोडी,
पण बदललं नाही.