खपली

नव्या वाचनालयाची भिंत रडते,
ही तक्रार पहिल्यांदा आणली बेकरीवालीने.
तिच्या दारापुढच्या फरशीवर
नारिंगी ओघळ, लाल मिरचीचं पाणी सांडल्यासारखे.
मग शाळा, मग पाद्री, मग नगरपालिकेची चिठ्ठी:
नेकाने, सोमवारपासून तारेचा ब्रश.

मी झाडणारी. सव्वीस वर्षं हाच चौक.
पोलाद मला कधी कळलं नाही, त्याचा कचरा कळला:
भट्टी चालू होती तेव्हा खिडक्यांच्या कडेला साचायची
काळी, चमचमती, चिमूटभर रात्र.
भट्टी बंद झाली तेव्हा आई म्हणाली,
आता कपडे बाहेर वाळत घालता येतील.
वाळले.
ते घालून कामावर जाणारं कुणी उरलं नव्हतं.

त्याच भट्टीच्या जागेवर ही इमारत.
आर्किटेक्ट बाई बिलबाओहून आल्या,
कानामागे पेन्सिल, बुटांना दरीतला चिखल.
रंग देणार नाही म्हणाल्या, गिलावा नाही, काहीच नाही.
बारा मिलिमीटरचे पत्रे, उभेच्या उभे,
आणि आत तुळया उघड्या,
एकेक बोल्ट मोजून घ्यावा अशा.
"हे पोलाद स्वतःचं स्वतः बघतं," म्हणाल्या.
सभेत मागे कुणीतरी हसलं.
तुमचं तुम्ही बघा, असं आम्हालाही सांगून
एकदा गेटला कुलूप लागलं होतं.

सोमवारी सिरिमिरी लागली होती,
छत्री उघडावी की नाही कळू न देणारी आमची भुरभुर.
मी तळहाताएवढी जागा घासली.
आतून सार्डिनच्या पोटासारखा पांढुरका उजेड निघाला,
इतका नागडा की मी ब्रश मागे घेतला.
"थांब," बाकावरून झिगोर ओरडला.
चाळीस वर्षं रोलिंग मिलवर,
डाव्या हाताची दोन बोटं तिथेच ठेवून आलेला.
"खपली आहे ती. गुडघ्याची काढायचीस ना लहानपणी?
मग किती दिवस ओला राहायचा गुडघा?"

साधं लोखंड गंजतं ते पोखरत आत जातं, तो सांगू लागला.
याच्या रसात चिमूटभर तांबं असतं, थोडं क्रोमियम,
म्हणून याचा गंज वरच घट्ट बसतो
आणि आतून कडी लावून घेतो.
फक्त भिजू दे, वाळू दे. भिजू दे, वाळू दे.
तीन हिवाळे.

मी ऑफिसात कळवलं, ब्रश तुटला.
त्यांनी दुसरा पाठवला. तोही तुटला.
फरशी घासत राहिले, भिंतीला हात लावला नाही.

झिगोर रोज आत जायचा, वाचायला नव्हे.
किल्लीने खांबावर ठोकायचा, कान लावायचा.
रिव्हेटच्या जमान्यातली खोड:
घट्ट असेल तर टण्ण, सैल असेल तर थप्प.
ग्रंथपाल पोरगी बोट ओठांवर ठेवायची.
"सगळे टण्ण आहेत," तो तिला कुजबुजून सांगायचा,
जणू तिनेच विचारलं होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात त्याच्या छातीने दगा दिला.
किल्ली कुणाकडे गेली, माहीत नाही.

आता भिंत भाजक्या चेस्टनटच्या सालीची.
दुपारी ऊन पडलं की पत्रा केसभर लांबतो,
सांध्यात टक् करतो, आणि अभ्यासाला बसलेली पोरं
एकदम वर बघतात.
माझी ती तळहाताएवढी जागा अजून ओळखू येते,
बाकीच्या भिंतीपेक्षा किंचित धाकटी.
जाता-येता तिच्यावर हात ठेवते.
बोटांना काही लागत नाही. जवळजवळ.

बेकरीवालीने या वसंतात खुर्च्या मांडल्या,
पांढऱ्या, भिंतीला पाठ टेकवून.
मी तिला सांगितलं नाही
की पाऊस झाला तर अजून थोडं लागेल.