पाख्याचे पैसे

गुणाजी तारींनी ट्रॉलर घेतला त्या साली
मी दुसरीत होतो, आणि बाबा
त्याच ट्रॉलरच्या पोटात इंजिनाशी भांडत.
बेतीच्या काठाला, ओहोटीत
एका कुशीवर कलंडलेला तो.
नाळेवर रोमीत नऊ अक्षरं : सांता रीता.
तारींना हवी होती सातेरी.

बोश्त्यांव मेस्त सायकलवरून आला,
हँडलला रंगाचे डबे,
कानामागे खारीच्या केसांचा ब्रश.
नागरी त्याला येत नव्हती.
माझी पाटी पुढं केली, म्हणाला, बरय.
मी लिहिलं, शाळेत लिहितात तसं, जीभ बाहेर काढून.
त्यानं पाटी आडवी धरली, उलटी धरली,
मग हात लांब करून डोळे बारीक केले,
बाजारात मासळीचे कल्ले बघावेत तसे.

"आमचीं पांयांचेर उबीं रावतात," म्हणाला.
"तुमचीं लोंबकळटात.
दोरयेक सुकत घाल्ल्या बांगड्यांवरी."

मग सुतळी निळीत बुडवली.
एक टोक माझ्या हातात.
"हालूं नाका."
मी श्वाससुद्धा घेतला नाही.
टक्.
पांढऱ्या फळीवर निळी रेघ,
कडेला थोडी भुकटी उडालेली,
आणि तिच्याखाली
अजून काहीच नाही.

दराचा तंटा दुपारी झाला.
अक्षरामागे दहा रुपये ठरलेले.
तारी म्हणाले, तीन अक्षरं, तीस.
मेस्तनं मला दंडाला धरून पुढं ओढलं, साक्षीला.
"हें कितें?"
स.
"आनी हें?"
काना.
त. मात्रा. र. वेलांटी.
त्याची सहा बोटं मिटली.
तारी हसले, पान थुंकले, साठावर आले.
तेव्हा मेस्तनं ब्रशची दांडी वर केली,
त्या निळ्या रेघेवर आता काळी झालेल्या पट्टीकडे :
"आनी हें वयलें पाखें? फुकट?"

सत्तर मिळाले. त्यातले पाच मला.
खाज्याची पुडी घेऊन मी फेरीच्या धक्क्यावर बसलो
आणि तिकीटघराची पाटी, बसची पाटी,
सोड्याच्या बाटलीवरचं नाव
सुटं सुटं करत बसलो.
तोवर अक्षर म्हणजे
तोंडानं म्हणायचं आणि सोडून द्यायचं.
त्याला पाय असतात, पोट असतं,
कुणीतरी त्याचे पैसे मागतं,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

चतुर्थीला पाहिलं तर रंग पोपडला होता.
स च्या पोटातून जुना एस वर आलेला,
दोघांची कंबर एकाच जागी वळलेली.
बाबा म्हणाले, घासायला हवं होतं नीट.
मी काही बोललो नाही.

आता पर्वरीत, पहिल्या मजल्यावर,
पडद्यावर आठशे बत्तीस आकार.
द्य चं बिनसलंय कालपासून,
ट्ठ खाली घसरतोय.
पुण्याहून फोन येतो :
अक्षरं बाराखडीतलीच ना हो? मग एवढे?
मी फोन खांद्यात धरून बोटं मिटू लागतो.

माझ्या स चं पोट जरा परकं दिसतं, असं म्हणतात.
दोनदा सुधारून पाहिलं.
पुन्हा होतं तिथंच नेऊन ठेवलं.

आणि बिलात सर्वांत खाली, वेगळ्या ओळीवर,
मी लिहितो : पाखें.
हिशेबनीस दर वेळी विचारतो, हे काय.