निष्क्रिय घटक

सातपूरच्या शेडमध्ये बावीस वर्षं
मी गोळ्यांची वजनं करते.
वीस गोळ्या काढायच्या, एकेक ठेवायची
काचेच्या पेटीतल्या तराजूवर
आणि दार लावून घ्यायचं,
कारण आपल्या श्वासानंसुद्धा आकडा हलतो.

म्हणून गायधनींकडच्या भिशीत
डबा हातात आला तेव्हा
पुढचं गुलाबी फूल मी पाहिलंच नाही.
सवयीनं उलटा केला.

मागं शतावरी होती, अशोक होता, जवस होतं,
आणखी नऊ जण दाटीवाटीनं,
त्र्यंबकच्या काळीपिवळीत बसावेत तसे.
सगळे मिळून पाचशे मिलिग्रॅम.
कोण किती, ते लिहिलेलं नव्हतं.
"ते त्यांचं गुपित असतं," रेवती क्षेमकल्याणी म्हणाली,
"चिवड्याच्या मसाल्यासारखं."
महिन्याचा डबा अठराशे नव्व्याण्णव.
तीन महिन्यांचा कोर्स. फरक पडला नाही तर
अजून तीन महिने,
शरीराला वेळ द्यावा लागतो म्हणे.

आणि नेमकं तेव्हाच,
डिसेंबरात, पंखा बंद, खिडकीबाहेर नऊ अंश,
माझ्या गळ्याखाली कुणीतरी
पंप मारून स्टोव्ह पेटवला.
कानाच्या पाळ्या तापल्या.
पोह्यांची बशी हातात तशीच.
बारा जणी माझ्याकडं बघत होत्या
आणि रेवती, अगदी प्रेमानं, रुमाल पुढं करत:
"बघा. मी काय म्हणत होते?"

इतकी चांगली जाहिरात मी कुणाचीच फुकट केली नव्हती.

अलका पगारनं दोन डबे घेतले.
मी कोपरानं ढोसलं तर म्हणाली,
"डॉक्टरीणबाईंनी मला दीड मिनिट दिलं.
वयाचं आहे म्हणाल्या, बेल दाबली.
हिनं विचारलं, रात्री किती वेळा उठतेस?
आजवर कुणी विचारलं होतं?"

मी विचारलं नव्हतं.
बावीस वर्षं एकाच बसनं जातोय.

आमच्या आईच्या वेळी एकच शब्द होता: सुटलीस.
तो फुकट मिळायचा,
आणि त्यातही काय किती, ते लिहिलेलं नसायचं.

सोमवारी अलकाची एक गोळी मी डबीत घालून नेली.
जेवणाच्या सुट्टीत, पेटीचं दार लावून, श्वास रोखून.
सहाशे दोन मिलिग्रॅम.
दुसरी ठेवली असती तर तीही तेवढीच भरली असती.
वजन बरोबर होतं.
वजन नेहमीच बरोबर असतं.
माझ्या तराजूवर आतलं दिसत नाही,
खडूची असती तरी मी पास केली असती.

हे सांगायला रात्री पावणेदोनला फोन लावला.
सकाळपर्यंत थांबता आलं असतं. थांबले नाही.
तिनं पहिल्याच रिंगला उचलला.
गोळीचं राहिलं बाजूला.
पवननगरच्या गॅलरीत ती, अशोकनगरच्या गच्चीवर मी,
दोघींच्या अंगावर स्वेटर नाही,
आणि घाम, कोरडेपणा, नवऱ्याचं घोरणं,
भाजी निवडताना येणारं रडू,
सप्टेंबरपासून काही नाही
तरी पर्समध्ये पॅड ठेवायची खोड,
सगळं सांगितलं एकमेकींना, प्रमाणासकट.
साडेचारला दुधाची गाडी आली तेव्हा ठेवला.

सकाळी बसमध्ये अलकाचे डोळे सुजलेले, चेहरा हलका.
"फोन ठेवला आणि गाढ झोपले बघ.
दोनच तास, पण गाढ.
गोळीचा गुण येतोय बहुतेक."

मी खिडकीबाहेर बघत राहिले.
दुसरा डबा फोडला नाहीस ना, एवढंच विचारलं.
बिल जपून ठेव म्हटलं.