पासष्ट अंशांवर

नोव्हेंबरच्या शेवटी ट्रोम्सोत सूर्य उगवायचा थांबतो
आणि नेमकं तेव्हाच
आमचं क्लोनिंगचं प्रात्यक्षिक सुरू होतं.
वेळापत्रक कोण करतं कोण जाणे.

पहिल्या खेपेला माझं चुकलं.
प्लाझ्मिडची गोल कडी मी कापली, एकाच जागी, नीट.
शेजारी जनुक ठेवलं, जोडणारं एन्झाइम घातलं,
रात्रभर सोडून दिलं.
जिवाणूंच्या पोटात घालून वाढवलं, तर ताटलीत
दोनशे अकरा वसाहती!
मी आइलाला मिठी मारणार
तेवढ्यात ओडवार मागून म्हणाला,
शेजारची ताटली बघ.
जनुक घातलंच नव्हतं त्या ताटलीत
दोनशे चार.

(ओडवार आमचा प्राध्यापक.
इथे सगळेच त्याला अरे-तुरे करतात.)

कापलेल्या कडीला, तो म्हणाला, परकं कुणी नको असतं.
टोकं मोकळी दिसली की ती स्वतःलाच मिठी मारते.
दोनशे वसाहती, आणि आत काही नाही.
दोन्ही टोकांना एकेक फॉस्फेट असतं, गळाच्या आकड्यासारखं.
ते उतरवून घ्यायचं.
मग कडी मिटू शकत नाही,
वाट बघते.

उतरवून घेणारं एन्झाइम बर्फात रोवलेलं,
करंगळीच्या पेराएवढ्या नळीत.
चिठ्ठीवर लिहिलं होतं: कोळंबी.
मी दोनदा वाचलं.

माझी आई बावीस वर्षं कोळंबीच्या कारखान्यात होती.
गोठलेल्या ठोकळ्यांवर पाणी सोडायचं,
कोळंबी यंत्रात, पाणी गटारात,
आणि यंत्राला जे सोलता आलं नाही ते आईच्या हातात.
उजवीकडची दोन बोटं
अजून तिला गरम-गार सांगत नाहीत.

हे एन्झाइम मिळवलं होतं ते
असल्याच पाण्यातून, ओडवार म्हणाला.
आता यीस्टकडून करून घेतात.
वासराच्या आतड्यातलंही मिळतं, पण ते चिवट;
तापवलं तरी काम सोडत नाही,
नंतर आलेल्या पाहुण्याचेही आकडे काढत बसतं.
थंड समुद्रातल्या कोळंबीचं तसं नाही.
पासष्ट अंश, पंधरा मिनिटं,
झालं.

रात्री फोनवर हे सगळं आईला सांगितलं.
मधे बराच वेळ फक्त तिकडचा रेडिओ ऐकू येत होता.
म्हणजे मी रोज बूट घालून त्यातच उभी होते तर, ती म्हणाली.
आणि झाडूने लोटायचे ते समुद्रात.
किती रुपयाला देतात, असं विचारावं तसं तिने विचारलं,
किती क्रोनर?
मी आकडा सांगितला. ती इतकी हसली
की तिला खोकला आला.

मग म्हणाली, लवकर मरतं ते चांगलं?
काम झाल्यावर, हो.
हं, म्हणाली.
आमचा कारखाना बंद केला त्या दिवशी
त्यांनी केक आणला होता. मार्झिपानचा.
बरा होता.

पुढल्या आठवड्यात ताटलीत एकतीस वसाहती,
शेजारच्या रिकाम्या ताटलीत दोन.
एकतीस म्हणजे थोड्याच, पण ओडवारने भुवया उंचावल्या,
आणि त्याच्याकडून एवढंच मिळतं.
मला मात्र त्या दोन कड्यांचाच विचार,
आकडे काढून घेतल्यावरही
कशाच्या जोरावर मिटल्या असतील?
दुपारचे बारा वाजले होते,
खिडकीबाहेर निळं, शाईसारखं,
आइला खाली वाफल्स आणायला गेलेली.

परीक्षेत प्रश्न आला:
उष्णतेने चटकन निकामी होणे हा एन्झाइमचा गुण कसा?
गुण चार.
मी दोन ओळी लिहिल्या, त्या बरोबर होत्या.
तिसरी लिहिली, खोडली, परत लिहिली.
तीन मिळाले.
एक का कापला
ते विचारायला गेले नाही.