वाटणी

मेडिकलच्या सतरा नंबरात
शालिकच्या छातीचा फोटो खिडकीला धरला
तर आधी बाहेरचं चिंचेचं झाड दिसलं,
मग पांढरे ठिपके,
चाळणीतून निसटलेल्या चुरीसारखे.

माझा फोटो शेजारी. त्यात नुसतं झाड.

एकाच दिवशी लागलो होतो पाचगावच्या क्रशरवर.
एकच डबा, दोघांत एक दुपट्टा,
तोंडाला बांधायचा की घाम पुसायचा, यावरून भांडण.
बावीस वर्षं.
धूळही दोघांना सारखीच ओळखायची.

संशोधनवाल्या डॉक्टरीण बाईंनी समजावलं,
हळू, पोराला समजावतात तसं:
रक्तात लांबच लांब पोथी असते म्हणे,
आईबापानं उतरवून दिलेली,
उतरवताना एखादं अक्षर इकडचं तिकडे होतं.
तेवढ्यानं एकाचं फुफ्फुस धुळीशी भांडतं,
भांडून भांडून स्वतःच दगड होतं.
दुसऱ्याचं सोडून देतं.

घराची वाटणी झाली तेव्हा पंच होते,
मोहाखालची जागा त्याला, विहिरीकडची मला,
मायचा पितळी गुंड कुणाचा, यावर दोन दिवस अबोला.
ही वाटणी झाली तेव्हा
आम्ही तिच्या पोटात, चार वर्षांच्या अंतरानं.
सही कुणाची घेतली?

सुपरवायझर काटोलेच्या कानावर गेलं, डोळे चमकले.
‘म्हणजे भरतीआधीच रक्त तपासायचं,
चालणारं ठेवायचं, बाकीचं घरी.’
पाणी मारायचा पाइप
तीन उन्हाळे कोरडा लोंबतोय त्याच्या डोक्यावर.
त्याला कुणी सुई टोचत नाही.

शालिकचा भूषण अठराचा झालाय,
क्रशरवर येतो म्हणतो.
मी त्याच्या कानाची पाळी पाहतो, नाकाचा बाक,
हसताना वाकडा होणारा ओठ,
सगळं बापाचं.
आतलं अक्षर कुणाचं, दिसत नाही.

बाईंनी माझंही रक्त घेतलं.
‘तुम्ही का नाही पडलात आजारी, तेही कळायला हवं.’
मी मान खाली घातली,
चोरी सापडल्यागत.

शालिक म्हणतो, ‘कावून तोंड पाडतं बे,
तुह्या रक्तात पाणी हाय, त्यानंच धूळ बसली असंन.’
हसतो. हसणं खोकल्यात जातं,
आणि मिनिटभर परत येत नाही.

गेटाबाहेर चहा, कढत.
त्याला फुंकर घालवत नाही आता.
मी आधी त्याचा कप ओढतो,
मग माझा.